स्वप्नातल्या मिरच्या कुणाच्या?

«मावशी, मी गडहिंग्लजची. पीएचडीसाठी दक्षिण कोरियात तेजॉनला आले, इथेच लग्न केलं. सासर यंगयांग भागातल्या एका खेड्यात आहे, घरची मिरचीची शेती. मला एकविसावा आठवडा चालू आहे. दिवस राहिले त्या सुमारास मला एक स्वप्न पडलं. आजीच्या अंगणात लाल मिरच्या वाळत घातल्यात आणि मी त्या पदरात भरून घेतेय, पदर जड होतोय तरी घेतच चाललेय. सासूबाईंना सहज सांगितलं, तर त्यांचा चेहरा एकदम उजळला. इथे अशा स्वप्नाला 'थेमोंग' म्हणतात आणि लाल मिरची म्हणजे मुलगा! दोन दिवसांत सगळ्या नात्यात कळलं. परवा तपासणीत डॉक्टरांनी सांगितलं, मुलगी आहे. आम्हा दोघांना मनापासून आनंद झाला, पण नवरा म्हणतो, बाळ हातात येईपर्यंत आईला सांगू नकोस. तो दोन बहिणींच्या पाठीवरचा. सासूबाई एकदा म्हणाल्या होत्या, 'हा झाला तेव्हा कुठे या घरात मला पोटभर जेवायला बसता आलं.' मावशी, स्वप्न खोटं ठरणं हा अपशकुन तर नाही ना? मी ते सांगायलाच नको होतं का? आणि उद्या लेकीला हे स्वप्न सांगू की पोटातच ठेवू?»

प्रिय लेकी,

तुझं पत्र वाचलं आणि पहिल्यांदा नाकात आला तो वाळत्या मिरच्यांचा खकाणा. संकेश्वरी मिरचीच्या पट्ट्यात वाढलेल्या मुलीला मिरच्यांचं स्वप्न नाही पडणार तर कशाचं पडणार? आधी तुझ्या भीतीचं उत्तर देते, म्हणजे पुढचं निवांत वाचशील. स्वप्न खोटं ठरलेलं नाही. ते तुझ्या लेकीचंच आहे, पहिल्या मिरचीपासून शेवटच्या मिरचीपर्यंत. सांगितलंस ही चूकही नाही. फक्त त्याचा अर्थ दुसऱ्यांनी घाईने लावला.

नवऱ्याच्या नोकरीमुळे मी चार वर्षं सोलमध्ये काढली आहेत. थेमोंगबद्दल मी तिथल्या बायकांकडून पुष्कळ ऐकलं आणि नंतर आवडीने वाचलंही. 'थे' म्हणजे गर्भ, 'मोंग' म्हणजे स्वप्न. मला त्यात सगळ्यात लोभस वाटायचं ते हे, की ते आईलाच पडायला हवं असं नाही. बापाला पडतं, आजीला पडतं, मावशीला, एखाद्या मैत्रिणीला, शेजारणीलाही पडतं, आणि ती दुसऱ्या दिवशी विचारत येते, 'तुमच्याकडे कुणी आहे का गं पोटुशी?' एका जिवाच्या येण्याची चाहूल आख्ख्या गोतावळ्यात कुणालाही लागू शकते, ही कल्पनाच किती मायेची आहे! मोठी माणसंसुद्धा स्वतःचं थेमोंग सांगतात. आपल्याकडे 'तू झालास तेव्हा असा पाऊस होता' असं सांगतात ना, तसंच. माणसाच्या गोष्टीचं ते पहिलं पान.

या पानावर मुलगा-मुलगी असा शिक्का कधी बसला, ते बघ. लोक सांगतात की वाघ, बैल, मोठा साप, डुक्कर, लाल मिरची म्हणजे मुलगा; फुलं, फुलपाखरं, पीच, स्ट्रॉबेरी, दागिने म्हणजे मुलगी. पण दोन बायकांना विचारलंस तर दोन उत्तरं मिळतात. एक म्हणते साप म्हणजे मुलगा, दुसरी म्हणते मोठा असेल तर मुलगा, बारीक असेल तर मुलगी. कोरियातले विद्वान शतकानुशतकं चीनचा जो प्राचीन काव्यसंग्रह पाठ करत आले, त्यात तर स्वच्छ लिहिलंय की अस्वल दिसलं तर मुलगा आणि साप दिसला तर मुलगी. त्याच कवितेत पुढे आहे की मुलगा झाला तर त्याला पलंगावर निजवावं आणि खेळायला जेड हा मौल्यवान दगड द्यावा, मुलगी झाली तर जमिनीवर निजवावं आणि सूतकताईतला मातीचा तुकडा द्यावा. म्हणजे जनावरांचे अर्थ काळाबरोबर उलटेपालटे झाले, पलंग आणि जमीन मात्र जागच्या जागी राहिली. स्वप्नाला कुणी जपलं नाही, जपली ती उतरंड.

आता तुझी मिरची. ती मुळात कोरियाची नाहीच, आणि आपलीही नाही. दोन्हीकडे ती अमेरिका खंडातून समुद्रमार्गे आली. आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर गोव्याच्या किनाऱ्याला लागली. कोरियात ती सोळाव्या शतकाच्या शेवटी, जपानी स्वाऱ्यांच्या काळाच्या आसपास पोचली असं मानतात. 1614 सालच्या एका कोरियन ग्रंथात तिला 'जपानी मोहरी' अशा अर्थाचं नाव दिलेलं आहे. म्हणजे 'लाल मिरची म्हणजे मुलगा' हे ज्याला आपण फार जुनं समजतो, ते फार तर चार-साडेचारशे वर्षांच्या आतलं. आणि ते का जुळलं हे तुला ठाऊक असेलच. मिरचीला कोरियनमध्ये 'गोचु' म्हणतात, आणि लहान मुलाच्या शूच्या जागेलाही घरात लाडाने तेच म्हणतात. आकारावरून पडलेला एक घरगुती शब्द, एवढंच ते. त्यात नशिबाचा किंवा देवाचा काही संकेत नाही. तुझ्या डोक्यात मात्र हा शब्द नव्हताच. तुझ्या डोक्यात आजीचं अंगण होतं. स्वप्न मराठीत पडलं आणि त्याचा अर्थ कोरियनमध्ये लावला गेला, गोंधळ झाला तो तिथे.

एक गोष्ट सांगते, सासूबाईंनाही सांगता येईल अशी. त्यांच्याच प्रांतातल्या, यंगचॉनच्या, चंग मोंगजूची. 1337 साली जन्मलेला हा गोर्यो राज्याचा मोठा विद्वान आणि मंत्री. राजाशी इमान सोडलं नाही म्हणून 1392 साली मारला गेला. निष्ठेचं उदाहरण म्हणून त्याचं नाव आजही शाळेतल्या पोराला माहीत असतं. त्याच्या आईला गरोदरपणी काय दिसलं होतं? ऑर्किडच्या फुलांची कुंडी. कवेत घेतलेली कुंडी हातातून निसटली आणि ती दचकून जागी झाली. फूल! आजच्या अर्थाने पक्की मुलगी, वर निसटलेली कुंडी म्हणजे पक्का अपशकुन. तिने मुलाचं नाव काय ठेवलं? मोंगनान, 'स्वप्नातलं ऑर्किड'. तो नऊ वर्षांचा असताना तिला दुपारी डुलकी लागली आणि बागेतल्या झाडावर चढणारा काळा ड्रॅगन दिसला. उठून बघते तर झाडावर हाच. मग नाव बदलून मोंगन्योंग झालं, 'स्वप्नातला ड्रॅगन'. मोंगजू हे नाव त्याच्याही नंतरचं. त्या आईने फूल दिसलं म्हणून मुलाला कमी मानलं नाही, आणि ड्रॅगनसाठी तिला नवा मुलगाही लागला नाही. एकाच लेकरात दोन्ही मावलं.

ड्रॅगनची दुसरी प्रसिद्ध गोष्ट तर तुझ्या पाकिटातच आहे. पाच हजार वॉनच्या नोटेवरचे युल्गोक. त्यांच्या आईला काळ्या ड्रॅगनचं स्वप्न पडलं. कांगनुंगच्या ज्या घरात 1536 साली ते जन्मले, तिथली ती खोली आजही 'ड्रॅगन-स्वप्नाची खोली' म्हणून दाखवतात. आणि ती आई म्हणजे शिन सायम्दांग. गवत, किडे, वेली, वांगी अशी बारीक नजरेने चितारणारी चित्रकार, पन्नास हजारांच्या नोटेवरची. मुलापेक्षा दहापट मोठ्या नोटेवर आई आहे, हे मला सोलमध्ये पहिल्या महिन्यात कळलं तेव्हा मी ती नोट कितीतरी वेळ मोडली नव्हती.

पण तुला खरी सांगायची ती बारीची गोष्ट. मृतांच्या विधीत कोरियन मुदांग, म्हणजे अंगात येणाऱ्या पुजारणी, ती रात्रभर गातात. राजाला एकामागून एक सहा मुली होतात. सातव्या वेळी राणीला स्वप्न पडतं. महालाच्या तुळईला निळा आणि पिवळा ड्रॅगन विळखा घालून आहेत, एका हातावर बहिरी ससाणा, दुसऱ्या हातात पांढरा घोडा, गुडघ्यावर काळं कासव, आणि दोन्ही खांद्यांवर सूर्य-चंद्र उगवलेत. याहून मोठं स्वप्न कुठल्या राजपुत्रासाठी पडेल? सगळा महाल मुलाची वाट बघत बसतो, आणि होते सातवी मुलगी. राजा तिला पेटीत घालून टाकून देतो. म्हणूनच तिचं नाव बारी, टाकलेली. पुढे राजा-राणी मरणपंथाला लागतात, त्यावरचं औषधाचं पाणी पश्चिमेला परलोकात असतं. लाडात वाढलेल्या सहाही जणी जायला नकार देतात. टाकलेली जाते. पाण्याच्या राखणदाराकडे तीन वर्षं पाणी भरते, तीन वर्षं लाकडं आणते, तीन वर्षं चूल सांभाळते, त्याच्याशी संसार करून सात मुलगे वाढवते, आणि पाणी घेऊन परत येते तेव्हा आईबापांची अंत्ययात्रा निघालेली असते. ती त्यांना उठवते. मग अर्धं राज्य नाकारून मेलेल्यांना वाट दाखवणारी देवता होते.

स्वप्न तिथे खोटं ठरलं का गं? ड्रॅगन, सूर्य, चंद्र, सगळं खरंच होतं. बापाला वाचता आलं नाही.

बारी हे नाव ऐकलं की मला आपल्या 'नकोशी' आठवतात. 2011 साली सातारा जिल्ह्यात दोनशेहून अधिक मुलींची ही नावं सरकारी कार्यक्रमात बदलली होती. कोरियातही तुझ्या सासूबाईंच्या पिढीत माल्जा म्हणजे 'शेवटची', हुनाम म्हणजे 'हिच्यामागे मुलगा येवो' अशी नावं असलेल्या बायका आहेत. हाक मारली की दरवेळी आठवण, की तू ज्याच्यासाठी आलीस तो अजून यायचाय. आपण आणि ते, या एका दुःखात सख्खे शेजारी आहोत.

म्हणून सासूबाईंकडे वळते, कारण तुझ्या पत्रात माझ्या काळजाला लागलं ते त्यांचं पोटभर जेवणाचं वाक्य. तुझा नवरा 1990च्या आगेमागे जन्मला असावा असा माझा अंदाज आहे. त्या 1990 सालात कोरियात शंभर मुलींमागे 116.5 मुलगे जन्मले. निसर्गाने हा आकडा 105च्या आसपास असतो. त्यांच्या प्रांतात तर तो 130च्या आसपास होता, आणि तिसऱ्या बाळाच्या बाबतीत सगळ्या देशात त्याहून कितीतरी भयंकर. वर ते चिनी पंचांगातलं घोड्याचं वर्ष, आणि घोड्याच्या वर्षातली मुलगी हट्टी निपजते असा समज. गर्भाचं लिंग सांगायला 1987पासून कायद्याने बंदी होती, तरी हे घडत होतं. घरातला कर्ता म्हणून नोंद मुलाची व्हायची. नवरा गेला तर आई आणि बहिणींना मागे ठेवून तान्हं पोरही कर्ता ठरायचं. ती पद्धत 1 जानेवारी 2008ला संपली. तोवर तुझ्या सासूबाईंचं तरुणपण सरलं होतं. दोन मुलींनंतर त्या बाईने कसे दिवस काढले असतील! मिरची म्हटल्यावर उजळलेला तो चेहरा बहुधा लोभाचा नव्हता. 'माझ्या सुनेला तरी ते भोगावं लागणार नाही', अशी ती सुटका असू शकते.

आणि तो कोरिया आता राहिला नाही, हेही लक्षात ठेव. जन्माचं प्रमाण 2007च्या सुमारास निसर्गाच्या जवळ आलं. आता तिथले कितीतरी जण उघडपणे म्हणतात, एकच होणार असेल तर मुलगी व्हावी. 2024च्या फेब्रुवारीत तिथल्या घटना न्यायालयाने 32 आठवड्यांपर्यंत लिंग न सांगण्याची अटही काढून टाकली, म्हणून तुला हे राजरोस कळलं. आपल्याकडे ते कळवणं गुन्हा आहे आणि असायलाच हवं, आपली गणतीची पानं अजून तितकी स्वच्छ झालेली नाहीत. बाळंतपणाला माहेरी आलीस तर हे पोटातच ठेव.

आता नवऱ्याच्या सल्ल्याबद्दल. तो तुला जपायला बघतोय, पण सल्ला चुकीचा आहे. का, ते माझ्यावरून सांगते. माझ्या डोहाळेजेवणात मी वाटी उघडली तर पेढा निघाला. पेढा म्हणजे मुलगा, बर्फी म्हणजे मुलगी. टाळ्या पडल्या, सासूबाईंनी माझी दृष्ट काढली. चार महिन्यांनी लेक झाली. सासूबाई दवाखान्यात आल्या, दुपट्यात बघितलं, आणि त्यांचा चेहरा पडला. चार-पाच श्वास असतील, फार नाही. मग त्यांनी तिला घेतलं आणि आयुष्यभर तळहातावर जपलं. शेवटच्या आजारात त्यांना माझ्या लेकीच्याच हातची पेज लागायची. पण ते चार-पाच श्वास मी तीस वर्षं विसरले नाही, आणि त्याही विसरल्या नव्हत्या. जाण्याआधी एकदा म्हणाल्या, 'मला आधी कळलं असतं तर मी हसत आले असते.'

तुमच्याकडे आधी कळवायची सोय आहे. ती वाया घालवू नका. साडेचार महिने हातात आहेत, ते त्या बाईला द्या. ज्या घरात 'मुलगा' म्हणून बातमी गेली, त्या घराला मनाची मांडामांड करायला वेळ हवाच. बाळंतिणीच्या खोलीत, तुझे टाके ओले असताना, कुणाच्याही चेहऱ्यावर ती मांडामांड व्हायला नको.

सांगायचं त्याने. त्याच्या आईला, त्याच्या भाषेत, फोनवर नाही, घरी जाऊन. तू शेजारी बस. 'मुलगी आहे आणि आम्हाला फार आनंद झालाय,' एवढंच पहिलं वाक्य. माफीचा सूर नको, 'पण पुढच्या वेळी' असला शब्दही नको. त्यानंतर तू बोल. त्यांना विचार, 'ऑमोनिम (म्हणजे आई), तुमच्या तिघांच्या वेळची थेमोंग काय होती?' आणि मुद्दाम दोन्ही नणंदांची आधी विचार. मला जवळपास खात्री आहे की त्यांना ती रंगासकट आठवत असतील, आणि कदाचित त्या दोघींची कुणी कधी विचारलीच नसतील. त्या सांगायला लागल्या की मध्ये बोलू नकोस. रडल्या तर रडू दे.

एक वाक्य मात्र येऊ शकतं, तयारीत राहा. 'मग हे स्वप्न पुढच्या बाळाचं असेल.' दुष्टपणाने नाही म्हणणार त्या, समजूत घालायला म्हणतील. तिथे गप्प राहू नकोस. हसून, पण स्पष्ट म्हण, 'नाही ऑमोनिम, या वेळी पडलं, म्हणजे हिचंच.' तिथे सोडून दिलंस तर तुझी मुलगी जन्माआधीच दुसऱ्या कुणाच्या वाटेवरचा थांबा होईल, हुनाम होईल. बाकी कशातही मऊ राहा, इथे नको. आणि हे उत्तर नवऱ्यालाही आधी पाठ करून ठेवायला सांग. त्याने म्हटलं तर तुझ्यापेक्षा दुप्पट ऐकलं जाईल. असं असू नये, पण असतं.

लेकीला स्वप्न सांगायचंच. आजच वहीत लिहून ठेव, कारण स्वप्नं विरतात. अंगण शेणाने सारवलेलं होतं की फरशीचं? ऊन कुठून येत होतं? आजी दिसली का? पदर कुठल्या लुगड्याचा होता? 'जड होतोय तरी घेतच चाललेय' असं तू लिहिलंस, ते जसंच्या तसं लिही, त्या वाक्यात तुझी अख्खी लेक आहे. मराठीत लिही, कोरियनमध्येही लिही. तिथे पोटातल्या बाळाला लाडाचं नाव ठेवतात, पुष्कळदा थेमोंगवरूनच. तुम्ही ठेवलं नसेल तर माझ्याकडून एक घे, लवंगी. कोरियन जिभेला जड जाईल जरासं, पण आजीबाईंना अर्थ सांगितलास की त्या शिकतील. चिमुकली, लाल, आणि तोंडात घेतली की कळते!

माहेरच्यांनाही एक निरोप दे. व्हिडिओ कॉलवर डोहाळेजेवण करणार असतील तर करोत, फुलांची वाडी भरोत, गाणी म्हणोत. पेढा-बर्फीच्या वाट्या तेवढ्या नकोत. दोन्ही एका ताटात ठेवा आणि खा.

पूर्वी कोरियात बाळ झालं की दारावर डाव्या पिळाची गवताची दोरी बांधायचे, एकवीस दिवस परक्याने आत यायचं नाही म्हणून. मुलगा असेल तर तिच्यात लाल मिरच्या आणि कोळसा, मुलगी असेल तर पाइनच्या डहाळ्या आणि कोळसा. शहरात आता कुणी बांधत नाही. तुझ्या सासूबाईंना मात्र ती वळता येत असेल. ओढ असेल तर त्यांना म्हण, आमच्या दारासाठी एक वळून द्या, पाइनच्या डहाळ्या घाला आणि मिरच्याही घाला, हिच्या स्वप्नातल्या आहेत. नाही म्हणाल्या तर नाही. मागून तर बघ.

ऑगस्टच्या अखेरीला यंगयांगमध्ये मिरचीची तोडणी जोरात असेल, अंगणं लाल झालेली असतील. तोवर तुला आठवा लागेल. डॉक्टरांनी प्रवासाला हो म्हटलं तर चार दिवस जाऊन राहा. सासूबाईंच्या शेजारी बसून मिरच्यांची देठं काढ, तुझ्या आजीकडे कशा वाळवायच्या ते त्यांना सांग. हातमोजे घाल, डोळ्यांना हात लावू नकोस, आणि उन्हात फार वेळ बसू नकोस.

तुझी,
मावशी